अँड सन

म्हाताऱ्याचा विषय निघाला की आमच्या घरात अजून भांडण होतं. माझा नवरा म्हणतो, माणूस भला होता, परक्या देशात त्याने आपल्याला घर दिलं. मी म्हणते, दिलं ते भाड्याने दिलं, आणि भलेपणाचं म्हणशील तर तो त्याने नेमका जिथे दाखवायचा तिथे दाखवला नाही. मग नवरा पेपर उचलतो आणि विषय तिथेच थांबतो.

तोंडावर मी त्यांना ‘सर’ म्हणायचे. घरात आम्ही म्हाताराच म्हणायचो. माझा राग शांत असला की त्यांच्याबद्दल अहो-जाहो होतं आणि उसळला की अरे-तुरे. इथे लिहितानाही तसंच होणार, त्याला माझा इलाज नाही.

ऐंशीच्या दशकातली ती वर्षं. नवरा अमेरिकेत ॲन आर्बरला पीएचडी करत होता आणि विद्यापीठाजवळची घरं आमच्या स्टायपेंडमध्ये बसत नव्हती. गाडीने पाऊण तासावर, मक्याच्या शेतांच्या मधोमध म्हाताऱ्याचा डेअरी फार्म होता. तिथे पूर्वी गड्यासाठी बांधलेलं दोन खोल्यांचं घर रिकामं पडलं होतं. ते देण्याआधी त्याने आम्हाला अंगणात उभं करून प्रश्न विचारले.

“दारू पिता?”

“नो सर,” नवरा म्हणाला. आदल्याच शनिवारी तो मित्रांकडे बिअर पिऊन आला होता.

“सिगरेट?”

“नो सर.”

“पत्ते?”

इथे नवरा अडखळला, कारण रमी खेळणं हे कुठे पाप असू शकतं हे त्याला माहीतच नव्हतं. म्हाताऱ्याने मान हलवली आणि माझ्याकडे वळला. “आणि तुम्ही?”

मी घाबरून म्हणाले, “मला गाडी चालवता येत नाही.” तेवढंच इंग्रजी मला पटकन सुचलं. म्हातारा मोठ्याने हसला. “ते रूथ शिकवेल,” म्हणाला. रूथ ही त्यांची मुलगी.

ते पक्के मेथडिस्ट पंथाचे ख्रिस्ती होते, आज्या-पणज्यापासूनचे. त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजनालासुद्धा वाइन नसे, द्राक्षाचा रस असे. प्रवचन चालू असताना मधेच उभं राहून “हे बायबलमध्ये कुठे आहे?” असं पास्टरला विचारणारा त्या चर्चमध्ये हा एकच माणूस होता. गायींची नावं त्यांनी बायबलमधल्या बायकांवरून ठेवली होती. सारा, लेआ, एस्तेर, हन्ना, मार्था. नावं संपली की पुन्हा पहिल्यापासून, त्यामुळे गोठ्यात कायम दोन-तीन सारा असायच्या. फक्त रूथ नावाची गाय कधी नव्हती. “ते नाव दिलेलं आहे,” म्हणायचे.

उन्हाळ्यात अख्खी अमेरिका घड्याळ एक तास पुढे करते. हे करायचे नाहीत. “सूर्य देवाने लावलाय, वॉशिंग्टनने नाही,” असं म्हणत ते वर्षभर एकाच वेळेला चिकटून राहायचे. उन्हाळ्यात चर्च दहाला सुरू होई आणि हे आपल्या घड्याळात दहा वाजले की पोचत, तेव्हा बाकीचे लोक बाहेर पडत असत. हे त्यांच्यामधून वाट काढत आत जाऊन रिकाम्या चर्चमध्ये एकटेच मोठ्याने स्तोत्रं म्हणत आणि घरी येत. गावात सगळे हा किस्सा हसत हसत सांगायचे. मीही पहिल्यांदा हसले. मग त्यांच्या स्वयंपाकघरात गेले तर भिंतीवर दोन घड्याळं होती. दुधाचा टँकर गावाच्या वेळेने यायचा, डॉक्टर गावाच्या वेळेने भेटायचा, आणि जेवण मात्र म्हाताऱ्याच्या वेळेने लागायचं. त्यांची बायको एडना उन्हाळाभर दोन घड्याळांमध्ये धावत असायची. तत्त्व त्याचं, धावपळ तिची.

अर्थात गंमतही होती. चर्चच्या तळघरात महिन्यातून एकदा सगळे आपापल्या घरून एकेक पदार्थ आणून एकत्र जेवायचे. पहिल्या वेळी मी हिरव्या मिरच्यांची बटाट्याची भाजी नेली. कोणी हात लावेना. म्हाताऱ्यांनी ते पाहिलं, ताटभर भाजी वाढून घेतली आणि सगळ्यांसमोर बसून खाल्ली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कानाच्या पाळ्या लाल. “तिखट आहे का?” कोणीतरी विचारलं. “अजिबात नाही,” म्हणाले, आणि पुन्हा वाढून घेतली. त्या दिवसानंतर माझं भांडं रिकामंच परत यायचं. हे मी विसरलेले नाही. म्हणूनच राग जास्त येतो.

रूथ तेव्हा पस्तिशीची असेल. लग्न केलं नव्हतं. पहाटे चारला गोठ्यात, संध्याकाळी पुन्हा गोठ्यात, मधल्या वेळात ट्रॅक्टरवर. तिने मला फार्मच्या जुन्या पिकअपवर गाडी शिकवली. मी ती एकदा सरळ मक्यात घातली, तर ती शांतपणे म्हणाली, “आता रिव्हर्स शिकू.” माझी अमेरिकेतली पहिली मैत्रीण ती. तिचा धाकटा भाऊ वेस्ली लॅन्सिंग शहरात इन्शुरन्स विकायचा. मेथडिस्ट पंथाच्या संस्थापकाचं आडनाव त्याला नाव म्हणून ठेवलेलं. तो सणाला यायचा, गोठ्याच्या दारापाशी बूट खराब होणार नाहीत अशा बेताने उभा राहायचा आणि म्हणायचा, “छान चाललंय.”

त्यांच्या लाल गोठ्यावर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत म्हाताऱ्यांचं आडनाव आणि पुढे ‘अँड सन’ असं लिहिलेलं होतं. वेस्ली जन्मला त्या उन्हाळ्यात म्हाताऱ्यांनी स्वतः शिडी लावून ते रंगवलं होतं. रूथ तेव्हा चांगली चालती-बोलती होती आणि खाली उभी राहून तिने रंगाचा डबा धरला होता. हे तिनेच मला सांगितलं. आणि आता अक्षरं पुसट झाली की तीच शिडी लावून त्यांच्यावर नवा हात मारायची. मी एकदा विचारलं, “तुला काही वाटत नाही?” ती म्हणाली, “अक्षर नीट आलं पाहिजे एवढंच वाटतं.” मला ते उत्तर तेव्हाही खरं वाटलं नव्हतं.

मग एका वसंतात बिशपने त्या चर्चमध्ये बाई पाठवली. मेथडिस्टांमध्ये पास्टर गावाने निवडायचा नसतो, बिशप पाठवेल तो घ्यायचा असतो. तिशीतली, ठेंगणी, खणखणीत आवाजाची ही पास्टरबाई आली आणि पहिल्याच रविवारी अर्धे बाक रिकामे राहिले. म्हाताऱ्यांनाही ती पसंत नव्हती. ते तिच्या घरी गेले आणि दुपारभर तिला बायबलवरून प्रश्न विचारत बसले. परत आले ते गंभीर चेहऱ्याने. “तिला माझ्यापेक्षा जास्त येतं,” एडनाला म्हणाले, आणि जेवायला बसले.

त्याच आठवड्यात तळघरात सभा भरली. बिशपला सांगून बाईला परत पाठवायचं असा बेत होता. मी आणि एडना शेजारच्या स्वयंपाकघरात कॉफी करत होतो आणि मधली खिडकी उघडी होती. ट्रॅक्टर विकणारा एक धिप्पाड माणूस म्हणाला, “मी बाईच्या हातून प्रभुभोजनाची भाकर घेणार नाही.”

म्हातारे उठले. “जन्मल्यापासून तुला भाकर कोणाच्या हातची मिळाली?”

कोणीतरी हसलं. धिप्पाड माणूस म्हणाला, “ती गोष्ट वेगळी.”

“वेगळी कशी ते बायबल उघडून दाखव. तोवर खाली बस. तिला देवाने बोलावलंय, बिशपने पाठवलंय आणि मी तपासून घेतलंय. ज्याला यायचं नसेल त्याने येऊ नये. मी पहिल्या बाकावर बसेन.”

आणि बसले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते चर्चला सगळ्यांबरोबर वेळेवर पोचू लागले. कोणी टोमणा मारला तर आपलं मनगटावरचं घड्याळ दाखवून म्हणायचे, “मी नऊला आलोय. लवकर यायला बंदी आहे का?” हळूहळू बाक भरले. धिप्पाड माणूसही आला. एडनाच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत मी पहिल्यांदा नवऱ्याबद्दलचा अभिमान पाहिला, आणि खरं सांगते, मलाही तो वाटला. मी नवऱ्याला म्हणाले, असा एक म्हातारा आमच्या साताऱ्याकडे असता तर बरं झालं असतं.

त्याच वर्षी पानगळीच्या सुमाराला म्हातारे चारा साठवायच्या उंच सायलोच्या शिडीवरून पडले आणि कंबरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी आली. थँक्सगिव्हिंगला त्यांनी आम्हालाही जेवायला बोलावलं. वेस्ली बायकोला घेऊन आला होता. रूथ गोठ्यातून येऊन, हात धुऊन, ओल्या केसांनी टेबलाशी बसली होती. लांबलचक प्रार्थना झाली. मग म्हाताऱ्यांनी सुरी खाली ठेवली आणि म्हणाले, “माझ्याने आता होत नाही. नवीन वर्षात फार्म वेस्लीच्या नावावर करतोय.”

 सगळ्यात आधी वेस्लीच दचकला. “डॅड, मी हे मागितलं नव्हतं.”

“मागायचं नसतं. गोठ्यावर नाव तुझं आहे.”

“आणि मी?” रूथने विचारलं. आवाज चढवला नव्हता.

“तुझी खोली आहे की इथे. वेस्ली तुला ठेवून घेईल.”

ठेवून घेईल.  ज्या बाईने वीस वर्षं त्या गोठ्यात पहाट काढली, तिला बूट जपणारा भाऊ ठेवून घेणार होता. रूथने घास संपवला, ताट उचललं, “दूध काढायची वेळ झाली,” म्हणाली आणि गेली. एडना खिडकीकडे पाहत बसली.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, “सर, चर्चमध्ये तुम्ही एका बाईसाठी अख्ख्या गावाशी भांडलात.”

“हो.”

“मग रूथ?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही, मला एवढी साधी गोष्ट कळू नये याचं नवल वाटल्यासारखं. “चर्च बिशपचं आहे,” तो म्हणाला. “जमीन माझी आहे.”

टेबलाखालून नवऱ्याने माझ्या पायावर पाय दिला. अंगण ओलांडून घरी जाताना तो म्हणाला, “यार, आपण टेनंट आहोत त्यांचे. फॅमिली मॅटरमध्ये कशाला पडतेस?”

“ती माझी मैत्रीण आहे.”

“तिने तरी काही म्हटलं का?”

“तिने कशाला म्हणायचं? तिला जन्मभर डबा धरायला शिकवलंय.”

जानेवारीत साताऱ्याहून माझ्या भावाचं पाकीट आलं. आमचे बाबा आदल्या वर्षी गेले होते. आत हक्कसोडपत्र होतं आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुल्या केलेल्या होत्या. खरं तर मी सही करणार होते. आमच्याकडे सगळ्या बहिणी करतात, साडी घेतात आणि जेवून परत जातात. पण त्या दिवशी खिडकीतून मला गोठ्यावरची ती अक्षरं दिसत होती. मी पाकीट ड्रॉवरमध्ये टाकून दिलं आणि भावाला फोनवर सांगितलं की सही करणार नाही. तो म्हणाला, “अमेरिकेत जाऊन शहाणी झालीस.” त्यानंतर कित्येक वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. जमीन मला हवी होती असं नाही. मला ते ‘ठेवून घेईल’ पुन्हा ऐकायचं नव्हतं.

पास्टरबाई त्या हिवाळ्यात दोनदा म्हाताऱ्याकडे बोलायला आली. दुसऱ्या वेळी मी एडनाकडे होते. बंद दाराआडून म्हाताऱ्याचा आवाज आला, “तुम्ही तुमचं चर्च सांभाळा.” पास्टरबाई बाहेर आली. ती मला म्हणाली, “माझ्यासाठी ते लढले याचा मला आज त्रास होतोय.”

त्या काळात देशात दूध फार झालं होतं. भाव सावरावेत म्हणून सरकारने योजना काढली. जो शेतकरी सगळ्या गायी कत्तलखान्याला देईल आणि पुढची काही वर्षं डेअरी करणार नाही, त्याला सरकार पैसे देणार. वेस्लीने अर्ज केला. तो काही दुष्ट नव्हता. त्याला गायीतलं काही कळत नव्हतं आणि लॅन्सिंगची नोकरी सोडायची नव्हती. फार्म त्याच्या नावावर होता, त्याने कोणाला विचारण्याचं कारण नव्हतं. त्याने विचारलंही नाही.

एप्रिलमध्ये माणसं आली. या गायी पुन्हा कुठे दुधाला विकल्या जाऊ नयेत म्हणून त्यांच्या गालावर तापलेल्या लोखंडाने फुलीचा डाग द्यायचा होता. गायी परक्या माणसांना धरू देईनात. धडका मारू लागल्या, एकाचा हात दुखावला. शेवटी वेस्ली रूथकडे आला आणि मान खाली घालून म्हणाला, “तुझं ऐकतात त्या.”

रूथ आत गेली. मी कुंपणाशी उभी होते. ती एकेकीला नावाने हाक मारायची. लेआ. हन्ना. एस्तेर. गाय शांतपणे तिच्याजवळ यायची. ती दाव्याने डोकं आपल्या छातीशी घट्ट धरायची आणि दुसऱ्या बाजूने तो माणूस लोखंड टेकवायचा. जळलेल्या केसांचा वास अंगणभर पसरला होता. ती प्रत्येक गायीला काहीतरी म्हणत होती, मला ऐकू आलं नाही.

म्हातारा काठी टेकत घरातून आला. टोपी नव्हती, शर्टाची बटणं खालीवर लागली होती. तो वेस्लीवर ओरडला, लोखंडवाल्या माणसावर ओरडला. कोणी थांबलं नाही. मग तो कुंपणाशी येऊन मुलीला म्हणाला, “रूथ, थांबव त्यांना.”

रूथच्या हातात तेव्हा एक सारा होती. तिने मान वर केली. “कशाच्या जोरावर, डॅड?”

 म्हातारा गायींच्या पाणी प्यायच्या पत्र्याच्या टाकीच्या काठावर बसला. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. ट्रक गेले तेव्हाही तो तिथेच बसलेला होता.

रूथने पंधरवड्यात फार्म सोडला. विस्कॉन्सिनमध्ये एका मोठ्या डेअरीवर तिला काम मिळालं. निघायच्या दिवशी पिकअपमध्ये सामान चढवताना एडना बाहेर आली. तिने कोट घातला होता आणि हातात सूटकेस होती.

“मॉम, तू कुठे?”

“तुझ्याबरोबर,” एडना म्हणाली. तिने दाराकडे वळूनही पाहिलं नाही. म्हातारा व्हरांड्यात उभा होता. तो एवढंच म्हणाला, “जेवणाचं काय?” एडनाने गाडीचं दार लावून घेतलं. एका जन्माच्या संसाराचा निरोप असा झाला.

त्यानंतर म्हातारे दुपारी माझ्या दाराशी यायचे. मी जेवायला वाढायचे. रागावले होते, पण उपाशी माणसाला दारात उभं ठेवायला मला कोणी शिकवलेलं नाही. ते मुकाट्याने खायचे, ताट स्वतः धुऊन ठेवायचे. एका दुपारी म्हणाले, “तुझ्याकडे रूथचा नंबर आहे. तिला फोन कर. सांग, माझी तब्येत बरी नाही.”

“तुम्ही करा. फोन तिथे आहे.”

ते फोनपाशी गेले. “मी काय म्हणू?”

“सॉरी म्हणा.”

“चूक वेस्लीने केली.”

“फार्म कोणी दिला त्याला?”

ते उठले. ताट तसंच राहिलं. दारात थांबून म्हणाले, “माझ्या बापानेही असंच केलं होतं. माझ्या बहिणी कधी बोलल्या नाहीत.”

“तुम्ही कधी विचारलंत त्यांना?”

ते निघून गेले. पुढे जेवायला आले नाहीत. दोन घरं टाकून राहणारी एक विधवा त्यांना डबा देऊ लागली.

नवऱ्याला मिनेसोटात नोकरी लागली आणि आम्ही ईडन प्रेरीला आलो. त्या दशकाच्या शेवटी म्हातारे गेल्याचं पास्टरबाईने फोन करून कळवलं. नवऱ्याला रजा नव्हती. मी एकटी गाडी चालवत गेले, रात्री वाटेत एका मोटेलमध्ये थांबून.

चर्च भरलं होतं. धिप्पाड माणसाने उठून सांगितलं की हा आमच्यातला पहिला माणूस, ज्याने बाईला व्यासपीठावर मान दिला. लोक माना डोलावत होते. रूथ आणि एडना सगळ्यात मागच्या बाकावर बसल्या होत्या. रूथने आता भाड्याच्या जागेवर स्वतःच्या थोड्या गायी घेतल्या होत्या. मग पास्टरबाई उभी राहिली.

“त्यांनी मला इथे उभं केलं,” ती म्हणाली. “आणि आपल्या मुलीला तिच्या जागी उभं केलं नाही. हे दोन्ही एकाच माणसाने केलं. मी यातलं एक सांगून दुसरं गाळणार नाही, कारण खोटं बोललेलं त्यांना चालत नसे.”

पुढच्या बाकावर वेस्लीने मान खाली घातली. 

शवपेटी उचलायला सहा पुरुष पुढे आले. डावीकडे पुढची कडी वेस्लीने धरली होती. रूथ मागून चालत आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

“सोड,” ती म्हणाली.

वेस्लीने तिच्याकडे पाहिलं आणि हात काढून घेतला. तिने कडी धरली. बाकीच्या पाच जणांबरोबर ती बापाला उचलून बाहेर घेऊन गेली आणि कबरीपर्यंत तिने हात बदलला नाही.

सगळं आटपल्यावर मी तिच्या पिकअपपाशी गेले. एडना आत बसली होती. मी रूथला मिठी मारली आणि विचारलं, “माफ केलंस त्यांना?”

“नाही,” ती म्हणाली.

“मग?”

तिने हातमोजे काढून सीटवर टाकले. “वेस्लीच्या हातात आणखी काही द्यायचं नव्हतं मला.”

एडनाने आतून एकदा हॉर्न वाजवला. रूथ चढली आणि त्या दोघी गेल्या. मी माझ्या गाडीत बसले. राग तसाच होता, आणि तो कमी व्हावा असं मला अजिबात वाटत नव्हतं.